दोन्ही पाय वर होते

देवाकाका, तुझं फ्लेक्स लागलं. गावाच्या तोंडाशी, बसथांब्याला लागून. वर पिवळ्या ठळक अक्षरांत 'वेगाचा बादशहा', खाली भावपूर्ण श्रद्धांजली. तुझा फोटो डाव्या कोपऱ्यात, हेल्मेट घातलेला, चेहरा दिसू नये असाच निवडलेला. उरलेल्या सगळ्या जागेत हात जोडून उभा आहे टिप्परचा मालक. ज्याच्या टिप्परखाली तू तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, गेलास, तोच.

त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. घाबरून नाही. स्वतःचं नाव छापलेलं बघायची त्याला इतकी हौस आहे की ते सुख मी माझ्या हातानं त्याला देणार नाही.

वेगाचा बादशहा! तुझ्या गाडीनं आयुष्यात चौथा गिअर पाहिला नाही. अड्याळच्या बाजाराला जाताना शाळेतली पोरं सायकलीवरून तुला मागे टाकायची आणि ओरडायची, "काका, धक्का मारू का?" तू सीट काढून टाकलेल्या त्या बुटक्या गाडीवर उभाच्या उभा, रुबाबात केसांवरून हात फिरवत म्हणायचास, "जा गा जा, वेगात तं गोटाही जाते. थांबून दाखव."

थांबणं हा तुझा नाद होता. ट्रायल्स म्हणजे काय हे गावात कुणाला समजावून सांगायचं झालं की तू एकच सांगायचास: दगडधोंड्यांवरून, ओंडक्यांवरून, चढउतारावरून मोटरसायकल न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. शर्यत नाही, कुणाला मागे टाकणं नाही. पाय टेकला की गुण गेला. ऐकणारा विचारायचा, "मग भेटते काय?" तू म्हणायचास, "पाय स्वच्छ राहते."

तू बाबांचा सगळ्यात धाकटा भाऊ. माझ्याहून फार मोठा नव्हतास, म्हणून मी तुला कधी 'तुम्ही' म्हटलं नाही, आणि आता मेल्यावर म्हणणार नाही. धानाची शेती, तलावाच्या खालच्या अंगाला धानाच्या खाचरांच्या दोन बांध्या, आणि मोबाईलवर पाहिलेले परदेशी गडी, जे खडकांवर गाड्या शेळ्यांसारख्या चढवतात. एवढ्यावर तू पहिली गाडी घडवलीस. जुन्या दोन स्ट्रोकच्या गाडीचं सीट काढलंस, मागे मोठं दातेरी चाक टाकलंस, नाव ठेवलंस बुटकी. लग्नाची बोलणी करायला येणारे पाहुणे आधी तिच्याकडे बघायचे आणि मग तुझ्याकडे. बपेऱ्याच्या त्या पाहुण्यानं तर विचारलंच, "जावईबापू, गाडीले सीटच नाही, नवरी बसवसान कुठं?" तू म्हणालास, "तिलेही उभं राहाले शिकवीन." ते स्थळ गेलं. तू दिवसभर हसत होतास.

मला मात्र शिकवलंस. बाबांनी बिडी कामगारांसाठी पत्रकं लिहिली आणि मी त्या पत्रकांच्या घड्या घालता घालता वाचायला शिकले. त्यामुळे मला शांतपणे कधी काही सांगता आलं नाही. माझं प्रत्येक वाक्य उद्गारचिन्हाकडे धावत असे. तू मला पत्रकबाई म्हणायचास. तलावामागच्या टेकडीवर घेऊन जायचास, इंजिन बंद करायचास आणि म्हणायचास, "उतर खाली. फक्त मागचा ब्रेक. पुढच्याले हात लावला तं चालत घरी जाशीन."

मी उतरायचे. खाली पोचल्यावर तू माझ्याकडे बघायचाच नाहीस. मातीकडे बघायचास. उताराची माती ओलसर असायची, तीत चाकाच्या नक्षीचे ठसे उमटलेले असायचे. त्यांच्यामागे तू वाकून वाकून चालायचास.

"हे पाह्य. इथपर्यंत रांगोळी हाय. एकेक ठिपका वेगळा. अन् इथून पुढे तू झाडू मारला."

चाक जाम झालं की ते फिरत नाही, घसरतं आणि नक्षी पुसून फराटा ओढतं. तो फराटा म्हणजे तुझ्या लेखी गुन्हा.

"पत्रकबाई, ब्रेक हाय तो. सरकार नाही. लाथ कायले मारून राहिली?"

"मग काय करू?"

"चवडा ठेव. दाबायचा नाही, ठेवायचा. तो किती थांबवून राहिला ते चवड्याले समजलं पाहिजे. बुटाले नाही, तुले."

मी चिडायचे. तुझ्या पातळ तळाच्या बुटांत पाय सरकवून पुन्हा वर चढायचे, पुन्हा उतरायचे. कितीदा ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की एका संध्याकाळी उताराच्या वरपासून खालपर्यंत सलग रांगोळी उमटली होती आणि तू त्या उतारावर बसून राहिलास, जणू तिच्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून राखण करत होतास. तेव्हा मी आभार मानले नाहीत. आपल्या घरात कुणी मानत नाही. इथं मानते.

आणि पवनी आठवते. क्लचच्या प्लेटा आणायला गेलो होतो. तू मला आधी घाटावर नेलंस. पायऱ्या उतरत वैनगंगेपर्यंत गेलास, परत वर आलास, पुन्हा खाली. धोतर पिळत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय गा, हरवलं का काही?"

"नाही बाबाजी. उतार पाहून राहिलो."

"गाडी टाकशीन इथून?"

"टाकलो असतो. पण लोक आंघोळीले येते. त्याईच्या मधात चाक कायले?"

मी तेव्हाही तुला भित्रा म्हणाले होते. आपलं भांडण तेच होतं ना, शेवटपर्यंत. मी म्हणायचे, ब्रेक दाबून कुठलं आंदोलन पुढे गेलंय? तू मला टेकडीच्या मधल्या खडकासमोर उभं केलंस. बुटकी त्याच्या पायथ्याशी आणलीस, मागचा ब्रेक दाबलास, क्लच अर्धा सोडलास, वर थोडी रेस. गाडी मागच्या चाकावर बसली, थरथरायला लागली, जागची हलली नाही. मग तू ब्रेकवरचा चवडा उचललास. ती खडकावर होती. मधलं काही मला दिसलंच नाही.

वरून विचारलंस, "आता सांग, ब्रेकनं अडवलं का चढवलं?"

"गाडीचं ठीक आहे. माणसांचं असं नसतं."

"माणसाईले क्लच नाही, म्हणून तरास हाय."

शेवटचं भांडण टिप्परवरून झालं. नदीवरून येणारे मालकाचे टिप्पर आपल्या तलावाच्या पाळीवरून जातात. पाळ मातीची. ती खचते आहे, हे मी पत्रकात लिहिलं, छापूनही आणलं. तू म्हणालास, थांब. धान कापणी चालू आहे, आत्ता वाटशील तर लोक हो म्हणतील आणि विळा घेऊन बांधीत जातील. कापलेल्या धानाच्या गंजी, पुंजणे, रचून झाले, हात मोकळे झाले की सगळ्यांना पाळीवर घेऊन जा, खचलेली माती बोटानं दाखव. मी म्हणाले, "तोवर पाळ राहील का?" तू म्हणालास, "तू राहशीन का, ते पाह्य आधी. किती ओरडून राहिली."

ते पत्रक अजून वाटलेलं नाही. कोण बरोबर होतं हेही ठरलेलं नाही. असं अर्धवट भांडण ठेवून कुणी जातं का काका?

त्या सकाळी मी पाळीच्या आपल्या टोकाला होते. तू बांधीवरून, बुटकीनंतर घडवलेल्या नव्या गाडीनं येत होतास. सांडव्याजवळ जिथं पाळ थोडी रुंद होते, तिथं रिकामा टिप्पर वळत होता. तू त्याला जागा दिलीस. एका बाजूला पाणी, एका बाजूला उतार, आणि टिप्परच्या मागे, पाळीच्या कडेला तू. हँडल एका अंगाला वळवलेलं, गुडघे सैल, दोन्ही पाय फुटरेस्टवर, नजर दूर. उभा होतास. एखाद्या झाडासारखा नाही, झाडही वाऱ्यानं हलतं. टिप्पर थांबला, थोडा पुढे सरकला. मला वाटलं, झालं. मग तो मागे आला, आणि थांबला नाही.

हे मी पाहिलं. ठाण्यात हेच सांगितलं. साहेब वाईट बोलले नाहीत. माझ्यासाठी खुर्ची मागवली, चहा मागवला. मग विचारलं, "त्यांचे पाय कुठं होते?"

"वर. फुटरेस्टवर."

"म्हणजे गाडी चालत होती."

"नाही. उभी होती."

"मॅडम, मोटरसायकल उभी राहिली की माणूस पाय टेकवतो. माझं पोरगं सायकल शिकून राहिलं, तेही टेकवते."

"काका टेकवत नसे. त्याला लागत नसे."

साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. ती दया होती. रडून रडून डोकं फिरलेल्या मुलीकडे बघतात तशी.

टिप्परचा ड्रायव्हर झनकलाल, सिहोऱ्याकडचा, त्यानं जबाब दिला होता की मोटरसायकलवाला भरधाव आला आणि मागून धडकला. त्याला पुष्टी कुणी दिली माहीत आहे? आपल्याच माणसांनी. बांधीतून दुरून पाहून, विळे टाकून धावत आलेल्या बायांनी, तुला उचलणाऱ्या गड्यांनी. ते खोटं बोलले नाहीत. त्यांना विचारलं, पाय वर होते का? ते म्हणाले, हो, दोन्ही पाय वर होते. खरंच होते. उभ्या आयुष्यात जी गोष्ट तू घाम गाळून कमावलीस, तीच तुझ्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली.

मी मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं. 'थांबलेल्या माणसाला वेगाचा गुन्हेगार ठरवणाऱ्यांनो!' असं त्याचं पहिलं वाक्य होतं. अड्याळच्या बाजारात वाटलं. लाखोळीची डाळ विकणाऱ्या मावशीनं ते लेकीकडून दोनदा वाचून घेतलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "पोरी, सारं खरं लिवलं वं. पण पाय तं वर होते ना? मग गाडी उभी राहीन कशी?"

मी घरी येऊन उरलेली पत्रकं बाजेवर आपटली. बाबांनी त्यातलं एक उचललं, परत ठेवलं. सगळं आयुष्य ज्या माणसानं छापील कागदावर भरवसा ठेवला, तो उठला, गोठ्यात गेला, बुटकीवरची ताडपत्री ओढून काढली आणि तिच्यात पेट्रोल ओतायला लागला.

तुझी नवी गाडी ठाण्याच्या आवारात वाकून पडली आहे. उरली होती ती बुटकीच. उतार मला येत होता, खडकावरची उडी थोडीफार येत होती. पण नुसतं उभं राहणं मला कधीच आलं नव्हतं. तू त्याला वर्षं लागतात म्हणायचास. माझ्याकडे वर्षं नव्हती. मालकानं श्रद्धांजली सभा जाहीर केली होती, साहेबांनाही बोलावलं होतं.

खळ्यावर, पुंजण्यांच्या मधे, मी उभी राहायला शिकले. बाबा बाजेवर बसून असायचे. माझा पाय खाली आला की म्हणायचे, "पाय." बाकी काही नाही. "पाय." मी पुन्हा चढायचे. सुरुवातीला मी मालकाचं थोबाड डोळ्यांसमोर ठेवायचे. त्याचे जोडलेले हात, त्याची पिवळी अक्षरं. तसं केलं की चवडा ब्रेकवर आदळायचा, गाडी हिसका द्यायची आणि मी जमिनीवर. कोपरं सोलली, गुडघा सुजला. बाबा म्हणाले, "राग सोड थोडा."

मी नाही सोडला. हे तुला सांगायचं आहे, कारण तुला वाटेल की शेवटी पोरगी शहाणी झाली. मी राग सोडून उभी राहायला शिकले नाही. सगळा राग तसाच्या तसा उजव्या चवड्याखाली आणून ठेवला. दाबला नाही, ठेवला. तो किती आहे, कुठं जाऊ पाहतो आहे, हे पायाला कळू दिलं. इंजिन ओढत होतं, ब्रेक धरून होता, हँडल कडेला वळलेलं होतं, आणि पहिल्यांदाच बुटकी माझ्याखाली गप्प झाली. बाबांचं 'पाय' काही येईना. मी वळून पाहिलं आणि पडले, पण ते तोंडाला पंचा लावून बसले होते, एवढं दिसलं.

सभा ग्रामपंचायतीच्या पटांगणात झाली. मंडप, खुर्च्या, माईक, मधोमध तुझं तेच फ्लेक्स. साहेब मंचावर. मालक बोलायला उभा राहिला. "देवा आपला हिरा होता," म्हणाला. "पण पोरहो, त्याच्यापासून एक शिका. वेग आवरा. घरी कोणी वाट पाहून राहिलं हाय, हे ध्यानात ठेवा." समोरच्या बाया डोळ्याला पदर लावत होत्या. मला तेव्हा त्याचा गळा धरायचा होता. खरंच धरायचा होता. मी खुर्चीच्या कडा धरल्या.

मग तो म्हणाला, "आता देवाची पुतणी दोन शब्द बोलतीन. लेखिका हायेत त्या."

मी मंचावर गेले नाही. पंचायतीच्या मागून बुटकी काढली, चालू केली आणि मंचापुढच्या मोकळ्या जागेत आणली. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "हे काय वं, लोक दुखवट्याले बसले तं हिनं गाडी आणली." मी फुटरेस्टवर उभी राहिले. हँडल वळवलं. चवडा ठेवला. थांबले.

पहिल्यांदा सगळे वाट बघत होते की मी पडते कधी. मालक माईकवरून हसत म्हणाला, "टेकव बेटा पाय, टेकव. लागन." मी नजर दूर ठेवली, पंचायतीच्या भिंतीवरच्या एका ढलप्यावर. घाम डोळ्यांत उतरत होता. इंजिनाचा बारीक आवाज सोडला तर हळूहळू काहीच ऐकू येईना. खुर्च्यांची करकर थांबली. बाजारातली डाळवाली मावशी पहिल्या रांगेत होती, तिचा आवाज ऐकू आला, एकदम हळू: "उभी हाय वं. पाय वर हायेत अन् उभी हाय."

साहेब खुर्चीतून उठून मंचाच्या कडेला आले.

झनकलाल मंचाच्या बाजूला जनरेटरजवळ उभा होता. मालकाची गाडी त्यानंच चालवत आणली होती. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर पडले असते. पण त्याला ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं, कारण माईक मालकाच्या हातात चालूच होता आणि झनकलाल मालकाशीच बोलत होता.

"असाच," तो म्हणाला. "मालक, असाच होता तो."

"चूप," मालक म्हणाला. तेही माईकमधून गेलं.

"पाय वर दिसले ना जी आरशात. मले वाटलं चालून राहिला, निघून जाईन. म्हणून मी मागे घेत राहिलो. तो जातच नव्हता. असाच होता."

काका, त्या क्षणी मला तुझाही राग आला. एक पाय. एकच पाय टेकवला असतास तर त्याला तू थांबलेला दिसला असतास. कुठला गुण जाणार होता तुझा, त्या पाळीवर, गुण मोजणारं कुणी नसताना? हे मी तुला आयुष्यभर विचारत राहणार आहे, आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नाही, म्हणून ज्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आहे ते मी वसूल करणार आहे. आरशात जे दिसलं त्याऐवजी 'भरधाव' हा शब्द झनकलालच्या तोंडात कुणी घातला, याचं उत्तर मंचावर माईक धरून उभं होतं. तो माणूस अजून मोकळा फिरतो आहे. त्याला मी विसरलेली नाही, टिप्परच्या पत्रकावर त्याच्यासाठी आता नवा मजकूर आहे, आणि धान कापून झालं आहे.

मी पाय टेकवला तो साहेबांनी झनकलालला जवळ बोलावल्यावरच. तो आला. मंचाच्या पायरीवर बसला. ओठ कोरडे पडले होते. वयानं तो तुझ्याएवढाच असेल. त्यानं माझ्याकडे बघून पाणी मागितलं, कारण पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बाटल्यांचं खोकं माझ्या बाजूला होतं. मागे कुणी बाई म्हणाली, "दे वं त्याले, घाबरला तो."

तू असतास तर झाकण उघडून बाटली त्याच्या हातात दिली असतीस. मला ठाऊक आहे.

मी साहेबांकडे पाहिलं.

"आधी लिहून घ्या," मी म्हणाले. "पाणी मग."